पोटमाळ्यापासून मांडीपर्यंत: बुजरी मांजरपिल्लं माणसाळवताना

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. पुण्यात ही सात घरं म्हणजे पेठेतल्या वाड्याचा पोटमाळा, सोसायटीच्या मीटरखोलीमागची फट, पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं कव्हर घालून उभी असलेली गाडी, किराणा दुकानामागचा खोक्यांचा ढीग, असं काहीही असू शकतं. तिथून एक दिवस तीन-चार पिल्लं बाहेर डोकावतात आणि आपण दोन पावलं पुढे गेलो की फस्स करून नाहीशी होतात. हात घालायला गेलेल्याला बोचकारे मिळतात आणि सोसायटीत निकाल लागतो की ही रानटी आहेत, माणसाळायची नाहीत.

हा निकाल बहुतेक वेळा चुकतो. अंगावरचे केस फुलवून फिस्कारणारं पिल्लू चिडलेलं नसतं, घाबरलेलं असतं. माणूस दिसला की आई फिस्कारते आणि पळते, ते बघून पिल्लू तेच शिकतं. मात्र हे शिकलेलं पुसायला वेळ थोडा असतो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या अभ्यासातून दिसलं, की पिल्लाला माणसाची ओळख सर्वांत सहज पटते ती वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्यानंतर दार एकदम बंद होत नाही, पण दर आठवड्याला थोडं थोडं ओढलं जातं. म्हणून पिल्लू दिसलं की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा.

वय कसं ओळखायचं

वजनावर फार विसंबू नका, रस्त्यावरची पिल्लं हडकलेली असतात. डोळे, दात आणि चाल बघा. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. तीन आठवड्यांचं पिल्लू डगमगत चालतं, कान नुकते उभे झालेले असतात आणि पुढचे बारीक दात हिरडीतून डोकावत असतात. चौथ्या आठवड्यात सुळे येतात आणि भावंडांशी कुस्ती सुरू होते. सहाव्या-सातव्या आठवड्यात डोळ्यांचा बाळनिळा रंग बदलून हिरवट-पिवळट व्हायला लागतो. आठ आठवड्यांचं नीट पोसलेलं पिल्लू पाऊण ते एक किलोच्या घरात असतं आणि दुधाचे सगळे, म्हणजे २६ दात आलेले असतात. पुढचे दात मोठे, पक्के दिसत असतील तर ते चार महिने ओलांडतंय.

चार ते सहा आठवड्यांचं पिल्लू बहुधा आठवड्याभरात मांडीवर येतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. तीन महिन्यांच्याला महिना किंवा त्याहून जास्त, आणि तरी ते कदाचित एकाच माणसाचं होऊन राहील. चार महिन्यांपुढचं, माणसाचा स्पर्श कधीच न झालेलं पिल्लू कोंडून ठेवण्यापेक्षा नसबंदी आणि लस करून त्याच्याच जागी सोडावं आणि रोज खायला घालावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याला घरात डांबणं ही त्याच्यावरची दया नाही.

उचलायचं की नाही

एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते पोरकं आहे असं नाही. आई खाणं शोधायला तासन्‌तास जाते, आणि पिल्लं हलवत असेल तर एक-दोन मागे राहिलेली असतात. लांबून, तिला दिसणार नाही असं थांबून चार-सहा तास लक्ष ठेवा. पिल्लू गुबगुबीत, स्वच्छ आणि शांत असेल तर आई जवळपासच आहे. अंग गार लागत असेल, सतत ओरडत असेल, मुंग्या लागल्या असतील किंवा जागा वाहत्या रस्त्याची असेल, तरच लगेच उचला.

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू शक्यतो आईकडेच राहू द्या. त्याला दर दोन-तीन तासांनी मांजरांसाठीचं तयार दूध पाजावं लागतं, आणि तेही पालथं धरून. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कापसाने पुसून त्याला शी-शू करवावी लागते. अंग गार असेल तर आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. गाईचं किंवा पिशवीचं दूध कुठल्याच वयात नको, त्याने जुलाब होतात आणि अर्धा किलोच्या जिवाला जुलाब एका दिवसात झोपवतात.

आई माणसाला बुजणारी असेल तर पाचवा-सहावा आठवडा ही पिल्लं घेण्याची योग्य वेळ. तोवर ती स्वतः खायला लागलेली असतात. आई हातातून खाणारी, अंगाला घासणारी असेल तर घाई करू नका. आठ आठवडे पिल्लं तिच्यापाशीच ठेवून रोज तिथेच हाताळा, तिच्या देखत पिल्लं निम्म्या वेळात धीट होतात.

पकडणं

पाठलाग करून पकडू नका. एकदा पाठलाग झाला की आई त्या रात्रीच जागा बदलते. दोन-तीन दिवस ठरावीक वेळेला, ठरावीक जागी खाणं ठेवा. मग तेच खाणं पिंजऱ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या कॅरियरच्या दाराशी, दुसऱ्या दिवशी आत, तिसऱ्या दिवशी पार मागच्या टोकाला. भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास पार्किंगच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, आमिषाला त्याच्यासारखं काही नाही. दाराला लांब सुतळी बांधून पाच-सहा मीटरवर बसा आणि पिल्लाची शेपटीसुद्धा आत गेल्यावरच ओढा. दार लागल्याक्षणी चादर टाका; अंधार झाला की धडपड थांबते. सगळी पिल्लं शक्यतो एकाच बैठकीत घ्यायची.

हाताने उचलायची वेळ आलीच तर जाड टॉवेल वरून टाकून सगळं पिल्लू एका गोळ्यात गुंडाळून घ्या. मानगूट धरून लोंबकळवू नका. आणि पावसाळ्यात, थंडीत पिल्लं गाडीच्या इंजिनात शिरतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थापा मारायला शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

जागा छोटी हवी

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. दया येऊन पिल्लू थेट हॉलमध्ये सोडतात, ते सोफ्याखाली किंवा फ्रिजमागे शिरतं आणि पुढचे आठ दिवस फक्त रात्री बाहेर येतं. तेवढ्यात त्याचा माणसाळण्याचा काळ निघून जातो. साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच असा कुत्र्यांचा घडीचा पिंजरा दोन-तीन पिल्लांना पुरतो. तो जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. जमिनीवरच्या पिल्लाला आपण डोंगराएवढे दिसतो, टेबलावर नजर समोरासमोर येते. तीन बाजूंनी जुनी चादर टाका, पुढची बाजू उघडी.

आत लपायला जागा हवीच, पण जिथे आपला हात पोचेल अशी. चपलांचं किंवा बुटांचं खोकं आडवं ठेवून वरचा पुठ्ठा झाकणासारखा उघडता येईल असं करा. लपायला काहीच नसेल तर पिल्लू कोपऱ्यात थरथरत बसतं आणि खात नाही. फार खोल लपण असेल तर शिकवणी सुरूच होत नाही.

शी-शूसाठी दीड-दोन इंच काठाचा पसरट ट्रे, त्यात इंचभर कोरडी माती किंवा फाडलेला कागद. ओलावा लागला की गोळे होणारी बेंटोनाइटची वाळू लहान पिल्लं चाटतात-खातात आणि ती पोटात फुगते, म्हणून ती तिसऱ्या महिन्यानंतर. पहिल्या दिवशी त्यांचीच थोडी घाण त्या मातीत ठेवली की वेगळं शिकवावं लागत नाही.

पिंजरा नसेल तर बाथरूम चालतं. पण बादल्या आणि पिंप रिकामे करा किंवा घट्ट झाका, कमोडचं झाकण पाडा, मोरीच्या जाळीवर वजन ठेवा, वॉशिंग मशीनमागची फट बंद करा. बादलीभर पाण्यात पिल्लू बुडून जातं आणि आवाजही येत नाही. फरशी फिनेलने पुसू नका. फिनेल, डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी आहेत, कारण त्यांचं यकृत ही रसायनं निकामी करू शकत नाही. साबणाचं पाणी पुरे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही रात्री दहाच्या खाली जातो. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. एप्रिल-मेमध्ये उलट काळजी; काचा लावलेल्या बाल्कनीत दुपारी पिंजरा कधीही नको.

घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे भांडी, कपडे, ट्रे सगळं वेगळं ठेवा. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, या आजाराचा विषाणू पिल्लातून कपड्यांवरून जातो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, आणि ते लावून धुऊन सुकल्यावरच मांजराला तिथे जाऊ द्यायचं.

पहिल्या एक-दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवा. जंताचं औषध वजनावर ठरतं, ते अंदाजाने देऊ नका. पिसवा बारीक दातांच्या फणीने काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध पिल्लाला लावू नका, त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरतं. ताप वाटला म्हणून क्रोसिन देणं हेही तितकंच घातक.

फरशी मोजत जवळ जायचं

पहिला दिवस, फार तर दीड, पिल्लाला फक्त जागेची ओळख होऊ द्या. खाणं ठेवायचं, ट्रे साफ करायचा, हळू आवाजात दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. त्यानंतर काम सुरू, आणि त्याचं सगळं चलन म्हणजे खाणं.

अर्धा किलोच्या पिल्लाला दिवसाला मांजरपिल्लांच्या तयार ओल्या खाण्याचे ८० ग्रॅमचे साधारण दीड पाऊच लागतात. ते पाच वेळांत वाटा, आणि यातलं कुठलंही खाणं माणसाविना मिळता कामा नये. वाटी भरून ठेवून निघून जाणं ही दुसरी मोठी चूक. पोट भरलेल्या पिल्लाला आपल्याशी काही देणंघेणं उरत नाही. उपाशीही ठेवायचं नाही. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसा चार-पाच तासांपेक्षा जास्त रिकामं ठेवू नका, आणि बैठकीत खाल्लं नाही तर शेवटी वाटी ठेवून बाहेर पडा. पाणी कायम हवं. घरचं खाणं म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन कुस्करून. कांदा-लसूण पडलेला रस्सा अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नुसत्या चिकनवर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, हाडांना लागणारं कॅल्शियम त्यातून मिळत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. दोन दिवस वजन थांबलं तर माणसाळवणं बाजूला आणि पशुवैद्य आधी.

अंतर मोजायला घरातल्या फरशीच्या जोडरेषा सर्वांत सोयीच्या, त्यामुळे पिंजरा असला तरी बैठकीपुरता तो खाली घेऊन दार उघडा आणि खोलीचं दार लावा. दोन फुटी फरशी असेल तर पहिल्या बैठकीला वाटी तुमच्यापासून तीन फरश्यांवर. जमिनीवर, तिरकं बसा, पिल्लाकडे टक लावून बघू नका. नजर भिडली तर सावकाश डोळे मिटा आणि उघडा. मांजरांत हे न भिण्याचं लक्षण असतं, आणि काही दिवसांत पिल्लू तसंच उत्तर देतं. पिल्लू वाटीतून सलग दहा घास खाईल तेव्हाच पुढच्या बैठकीला वाटी अर्धी फरशी जवळ घ्या. मान वर करून थबकलं, कान आडवे झाले, बुबुळं मोठी झाली, तर तुम्ही लवकर सरकलात. मागच्या रेषेवर जा, त्यात काही बिघडत नाही. दिवसातून चार बैठका, प्रत्येकी १५ ते २० मिनिटांच्या, ही कामाची मात्रा आहे. रविवारी सलग तीन तास बसून मधल्या दिवसांची भरपाई होत नाही.

वाटी गुडघ्याशी आली की वाटी बंद, चमचा सुरू. लांब दांड्याचा लाकडी चमचा, टोकाला पातळ केलेलं चिकन किंवा पाऊचमधला रस्सा. पिल्लू फिस्कारत फिस्कारत चाटेल. फिस्कारलं तरी चमचा मागे घेऊ नका, पुढेही ढकलू नका, स्थिर धरा. मागे घेतला तर ते शिकतं की फिस्कारलं की माणूस हटतो. दिवसागणिक चमच्यावरची पकड पुढे सरकवा, आणि शेवटी खाणं बोटाच्या पेरावर. दात लागले तर हात झटकू नका, चावलेलं बोट क्षणभर निश्चल ठेवा, पिल्लू आपोआप सोडतं.

पहिला स्पर्श ते खात असताना, आणि बाजूने. वरून येणारा हात म्हणजे घार. चमचा डाव्या हातात, उजवा हात जमिनीलगत आणून खांद्याला एकदा निसटता लावायचा आणि काढायचा. खाणं थांबलं नाही तर पुन्हा, मग मानेमागे, कानामागे, हनुवटीखाली. पोट आणि पंजे शेवटी. जाड हातमोजे वापरायचा मोह होतो, पण त्यांतून पिल्लाचं अंग ताठरलंय की सैल आहे ते कळत नाही, आणि पिल्लाला माणसाच्या हाताचीच ओळख व्हायची आहे. लांब बाह्यांचा जाड शर्ट बस.

आठवड्याभरात चमच्याशी प्रगती नसेल, तर टॉवेलची रीत. टॉवेलमध्ये डोकं बाहेर ठेवून सैलसर पण पंजे सुटणार नाहीत असं गुंडाळा, पाठ तुमच्या पोटाला आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून मांडीवर घ्या. तोंड तुमच्याकडे असेल तर त्याला तुमचा चेहरा टाळता येत नाही आणि ते आणखी घाबरतं. कपाळावर, गालांवर सावकाश बोट फिरवा, मधे मधे बोटाने खाणं चाटवा. पाच मिनिटं, आणि ते शांत असतानाच खाली सोडा. धडपडताना सोडलं तर धडपड हाच सुटकेचा मार्ग असल्याचं त्याच्या डोक्यात बसतं. एक सांगून ठेवायला हवं: घुरघुर ऐकू आली म्हणजे झालं असं मानू नका. अतिशय घाबरलेली मांजरंही घुरघुरतात. विश्वासाची खरी खूण म्हणजे शेपटी उभी करून आपण होऊन तुमच्याकडे येणं आणि ढुशी देणं.

भावंडं एकत्र असतील तर त्यांतलं एक सर्वांत आधी फिस्कारतं आणि बाकीची त्याचं बघून पळतात. त्याला दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, किंवा दोन-दोनच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एक धीट ठेवा. एकटंच पिल्लू असेल तर माणसाळवणं सोपं जातं, पण चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांकडूनच शिकायला मिळतं, म्हणून माणसाळल्यावर त्याला दुसऱ्या पिल्लाची सोबत मिळाली तर उत्तम.

खेळणं काठीला बांधलेलं हवं, पिसाचं किंवा चिंधीचं. हाताची बोटं कधीही खेळायला देऊ नका. आज गोड वाटणारं ते चावणं सहा महिन्यांनी रक्त काढतं. खेळ संपला की दोरी कपाटात. गिळलेली दोरी आतडी गोळा करते आणि शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही.

माणसं आणि आवाज

एकाच माणसाकडे येणारं पिल्लू अर्धंच माणसाळलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून घरातल्या आजी, आजोबा, शेजारचे काका, शांत बसू शकणारी मुलं, सगळ्यांच्या हातून एकेक वेळचं खाणं जाऊ द्या. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल हे रोजचे आवाज आधी दूरच्या खोलीतून, खाण्याच्या वेळी.

पुण्यात दोन आवाजांची तयारी वेगळी करावी लागते. गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, आणि दिवाळीत फटाके. जून-जुलैत आलेल्या पिल्लांना हा आवाज ऐन शिकण्याच्या काळात ऐकू येतो. मोबाइलवर ढोलाची ध्वनिफीत अगदी बारीक लावून खाणं द्या, दर दोन दिवसांनी किंचित वाढवा. मिरवणुकीच्या किंवा फटाक्यांच्या रात्री मात्र नवीन काही शिकवू नका, पिंजरा झाकून आतल्या खोलीत ठेवा.

घरभर मोकळं सोडायचं ते उचलून घेतल्यावर दोन मिनिटं सैल राहायला लागल्यावर, तेही एकेक खोली वाढवत. खिडक्यांना जाळी आधीच लावा. लोखंडी ग्रीलमधून तीन महिन्यांच्या पिल्लाचं डोकं आरामात जातं, आणि जिथून डोकं जातं तिथून सगळं मांजर जातं.

चावलं तर

हे हलक्यात घेऊ नका. रस्त्यावरच्या पिल्लाच्या चाव्याने किंवा ओरखड्यानेही रेबीज होऊ शकतो, आणि लक्षणं दिसल्यावर त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८, दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारा. वरचेवर पिल्लं हाताळणाऱ्यांनी लस आधीच घेऊन ठेवावी.

पिल्लाची पहिली तिहेरी लस आठ-नऊ आठवड्यांनी, दुसरी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांनी. नसबंदी चौथ्या-पाचव्या महिन्यात. मांजरी पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, त्यामुळे ‘एकदा होऊ द्या मग बघू’ याला जागा नाही. पिल्लं नेल्यावर मागे राहिलेल्या आईची नसबंदी केली नाही, तर काही महिन्यांत त्याच पोटमाळ्यावर पुढची चार पिल्लं असतील. पिल्लं पकडली त्याच आठवड्यात तिला पकडा. झाकलेल्या कॅरियरमधली पिल्लं पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवली की त्यांच्या आवाजाने ती आत येते.

नवीन घरी देताना पिल्लाच्या अंगाखालचा धुतलेला नसलेला कपडा, चालू असलेलं खाणं चार दिवसांचं आणि तोच लाकडी चमचा सोबत द्या. नव्या घरातही पहिले तीन-चार दिवस एकच खोली, आणि पुन्हा एका फरशीपासून सुरुवात. पिल्लू एक-दोन दिवस मागे जातं, लपतं, फिस्कारतं सुद्धा. घेणाऱ्यांना हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन येतो, की तुम्ही दिलेलं पिल्लू रानटी आहे, परत घेऊन जा.